नकोशा टपालाचा बंदोबस्त

ज्या गृहस्थानें स्वतःच्या नांवाचें डोमेन विकत घेतलें, दरमहा कांहीं रुपये भाडें भरून दूरच्या एका संगणकावर थोडीशी जागा मिळविली आणि तेथें पोस्टफिक्ससारखा मेल-सर्व्हर उभा केला, त्यानें एका अर्थीं घरची टपालकचेरीच उघडलेली असते. मोठ्या कंपन्यांच्या फुकट पेट्या हाताशीं असतांना हा उपद्‌व्याप कशासाठीं, असें पुष्कळजण विचारतात. कुणाला घरचा पत्रव्यवहार परक्याच्या कपाटांत नसावा असें वाटतें. एखाद्या वाचनालयाला किंवा लहानशा छापखान्याला आपल्याच नांवाचा पत्ता हवा असतो. कित्येकांना तर केवळ यंत्र आंतून पाहण्याची हौस असते. हेतु कोणताहि असो, कचेरी उघडल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या दारांत न बोलावलेल्यांची रीघ लागते. औषधें, कर्जें, परदेशांतील अज्ञात मृताची कोट्यवधींची ठेव, बँकेच्या नांवानें मागितलेला परवलीचा शब्द, अशा मजकुराचीं पत्रें रात्रंदिवस येऊं लागतात. यांनाच स्पॅम म्हणतात.

उपाय सुरू करण्यापूर्वीं एक हिशेब मनाशीं पक्का केलेला बरा. नकोशीं शंभर पत्रें पेटींत येऊन पडलीं, तर त्यांत माणसाचीं पांच मिनिटें जातात. परंतु हवें असलेलें एक पत्र वाटेंतच गडप झालें, तर काय जाईल त्याचा नेम नसतो. मुलाखतीचें बोलावणें, रुग्णालयांतून आलेला तपासणीचा अहवाल, परदेशीं असलेल्या मुलीचें पत्र, हीं न आल्याचें कळतहि नाहीं. कारण न आलेल्या पत्राची चौकशी कोण करणार? म्हणून नवा सर्व्हरचालक उत्साहाच्या भरांत एकामागून एक चाळण्या लावीत सुटतो, तेव्हां तो स्पॅमशीं लढत असतो तितकाच स्वतःच्या आप्तेष्टांशींहि लढत असतो. पुढें सांगितलेल्या प्रत्येक उपायाला हीच कसोटी लावावयाची आहे.

ह्या उपद्रवाचा जन्म बराच जुना आहे. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीचे गॅरी थर्क यांनीं अर्पानेट नांवाच्या जाळ्यावरील सुमारें ४०० लोकांना नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचें निमंत्रण एकदम धाडलें. जाळ्यावर त्या काळीं माणसेंच थोडीं असल्यामुळें निषेध झाला आणि प्रकरण तेवढ्यावर राहिलें. स्पॅम हें नांव मात्र मागाहून पडलें. तें मूळचें अमेरिकेंत १९३७ सालीं बाजारांत आलेल्या एका डबाबंद मांसाचें. पुढें १९७० सालीं माँटी पायथन ह्या ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मंडळीनें एका प्रहसनांत त्या शब्दाचा असा गजर केला कीं, भोजनगृहांतील इतर कोणाचें बोलणें ऐकूंच येईना. संभाषण बुडवून टाकणाऱ्या ह्या गजरावरून नकोशा टपालाला तेंच नांव चिकटलें.

दोष कोठें आहे, हें समजण्यासाठीं पत्र पोंचविण्याची रीत पाहिली पाहिजे. ऑगस्ट १९८२ मध्यें जॉन पोस्टेल यांनीं ह्या देवघेवीचे नियम लिहून काढले. त्यांना एस. एम. टी. पी. म्हणतात आणि थोड्याफार सुधारणांसह ते आजहि चालू आहेत. पाठविणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरचें पंचवीस क्रमांकाचें दार ठोठावतो. घेणारा प्रथम स्वागताचें वाक्य उच्चारतो. मग पाहुणा आपलें नांव सांगतो, पत्र कोणाकडून आहे तें सांगतो, कोणाला आहे तें सांगतो आणि शेवटीं मजकूर सुपूर्द करतो. प्रत्येक पायरीवर घेणारा तीन आंकडी उत्तर देतो. दोनानें सुरू होणारें उत्तर म्हणजे होकार, चारानें सुरू होणारें म्हणजे ‘आतां नाहीं, मागाहून या’, आणि पांचानें सुरू होणारें म्हणजे साफ नकार.

ही रीत सभ्य माणसांनीं सभ्य माणसांसाठीं ठरविलेली होती. पाहुणा जें नांव सांगेल तें खरें मानावयाचें, पाकिटावर जो पाठविणारा लिहिला असेल तोच पाठविणारा समजावयाचा, असा तिचा साधा भरंवसा. शिवाय पाकिटावरील नांव निराळें आणि आंतल्या पत्राच्या माथ्यावरील नांव निराळें असलें तरी चालतें. वाचणाऱ्याला पाकीट दिसतच नाहीं. त्याला दिसतो फक्त आंतला मथळा, आणि तेथें कोणीहि बँकेचें नांव घालूं शकतो.

ह्या रीतींतूनच बंदोबस्ताचें पहिलें सूत्र निघतें. नकार द्यावयाचा तो दारांतच, संभाषण चालू असतांनाच द्यावा. पत्र एकदां ‘घेतलें’ म्हणून सांगितलें कीं त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मागाहून तें नको वाटलें तर दोनच वाटा उरतात. एक तर गुपचूप फेकून द्यावयाचें; मग खरें पत्र चुकून फेकलें गेलें तर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. नाहीं तर पाकिटावरील पत्त्यावर परत धाडावयाचें. पण स्पॅमच्या पाकिटावरील पत्ता बहुधा तिऱ्हाईताचा चोरलेला असतो, आणि त्या बिचाऱ्याच्या पेटींत त्यानें कधीं न लिहिलेलीं शेंकडों पत्रें ‘परत’ येऊन पडतात. अशीं परतीचीं पत्रें धाडणारा सर्व्हर स्वतःच उपद्रवी ठरून काळ्या यादींत जातो. दारांत दिलेल्या नकाराला हे दोन्ही दोष लागत नाहींत. चोर असेल तर निघून जातो. खरा पाठविणारा असेल, तर त्याचाच सर्व्हर त्याला ‘तुमचें पत्र घेतलें गेलें नाहीं’ असें कारणासह कळवितो.

दारांतील कांहीं परीक्षा तर फुकटच्या आहेत. ज्या नांवाची पेटीच घरांत नाहीं, त्या नांवाचें पत्र तेथेंच नाकारावें. डोमेनवर कोणत्याहि नांवानें आलेलें पत्र एका पेटींत टाकण्याची सोय पुष्कळांना आकर्षक वाटते. पण स्पॅम धाडणारीं यंत्रें इन्फो, सेल्स, ॲडमिन अशीं अंदाजानें नांवें घालीत सुटतात आणि ही सोय त्यांतील प्रत्येकाला आंत घेते. दुसरी परीक्षा नांवाची. कित्येक लबाड पाहुणे ‘मी तुमचाच सर्व्हर’ असें सांगून आंत शिरूं पाहतात. त्यांना नाकारण्यांत कसलाहि धोका नाहीं. तिसरी परीक्षा उलट-नोंदीची. चांगल्या सर्व्हरच्या आय. पी. पत्त्यावरून त्याचें नांव शोधतां येतें. बिघडलेल्या घरगुती संगणकाला पुष्कळदां अशी नोंदच नसते. मात्र नांवावरून पत्ता आणि पत्त्यावरून नांव हीं दोन्हीं तंतोतंत जुळलींच पाहिजेत असा कडक नियम लावूं नये. निष्काळजीपणें मांडलेले पण प्रामाणिक असे सर्व्हर जगांत फार आहेत, आणि ते बहुधा एखाद्या शाळेचे किंवा लहान कचेरीचेच निघतात.

चौथी परीक्षा मोठी मौजेची आहे. पोस्टफिक्स हा सर्व्हर वीत्से वेनेमा यांनीं तयार करून १९९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत २०११ पासून पोस्टस्क्रीन नांवाचा एक द्वारपाल असतो. तो पाहुण्याला स्वागताच्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकवितो आणि सहा सेकंद थांबतो. नियम पाळणारा सर्व्हर यजमानाचें वाक्य संपण्याची वाट पाहतो. स्पॅमचें यंत्र घाईंत असतें, त्याला तासाभरांत हजारों दारें ठोठावयाचीं असतात. म्हणून तें यजमानाला मध्येंच तोडून बोलूं लागतें. पंक्तींत पान पूर्ण वाढण्यापूर्वींच जो घास उचलतो, त्याला ओळखण्यास द्वारपालाला कसलीहि यादी लागत नाहीं. नीट लिहिलेला सर्व्हर हा उतावळेपणा करीत नसल्यानें ह्या परीक्षेंत भल्या पत्राचा बळी जाण्याचें भय जवळजवळ नसतें.

यानंतर येतात काळ्या याद्या. ही कल्पना १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनीं रूढ केली, आणि १९९८ सालीं स्टीव्ह लिनफर्ड यांनीं स्थापन केलेली स्पॅमहाउस ही संस्था आज तींत सर्वांत प्रसिद्ध आहे. युक्ति साधी आहे. समजा, पाहुण्याचा आय. पी. पत्ता १९२.०.२.१० आहे. (हा पत्ता उदाहरणांसाठींच राखून ठेवलेला असतो.) त्याचे आंकडे उलट क्रमानें, १०.२.०.१९२ असे, मांडून त्यापुढें यादीचें नांव जोडावयाचें आणि डी. एन. एस. ह्या नांवांच्या जागतिक नोंदवहींत असें नांव आहे का, तें विचारावयाचें. उत्तर नाहीं आलें तर पाहुणा यादींत नाहीं, १२७.०.० नें सुरू होणारें उत्तर आलें तर यादींत आहे. क्षणार्धांत निकाल लागतो, आणि पुष्कळशी गर्दी एवढ्यानेंच पांगते.

येथेंच नवशिक्यांचा घात होण्याचा संभव असतो. स्पॅमहाउसची फुकट सेवा थोड्या आणि धंदेवाईक नसलेल्या वापरासाठीं आहे, आणि मोठ्या सार्वजनिक डी. एन. एस. सेवांमार्फत विचारलेल्या प्रश्नांना ती निकाल देत नाहीं. ती १२७.२५५.२५५.२५४ असें चुकीच्या चौकशीचें उत्तर देते. ज्यानें ‘कोणतेंहि उत्तर आलें कीं पाहुणा वाईट’ असें समीकरण मांडून ठेवलेलें असतें, त्याचा सर्व्हर त्या दिवसापासून जगांतील प्रत्येक पत्र परत धाडूं लागतो. पेटी अगदीं स्वच्छ दिसते आणि चालकाला आपल्या कर्तबगारीचा अभिमान वाटतो! म्हणून डी. एन. एस. चौकशी करणारा अनबाउंडसारखा कारकून स्वतःच्याच यंत्रावर ठेवावा आणि कोणत्या आंकड्याला काय समजावयाचें तें स्पष्ट लिहावें. बंद पडलेल्या यादीचा धोकाहि असाच. ओ. आर. डी. बी. नांवाची एक लोकप्रिय यादी डिसेंबर २००६ मध्यें बंद झाली. तरीहि असंख्य सर्व्हर तिला विचारीतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्यें ती प्रत्येक पत्त्याला ‘यादींत आहे’ असें उत्तर देऊं लागली, आणि ज्यांनीं पंधरा महिने आपली मांडणी उघडून पाहिली नव्हती त्यांचें टपाल एकाएकीं थांबलें. यादी एकच मानून तिच्या शब्दावर फांशी देण्यापेक्षां दोन-तीन याद्यांना कमी-अधिक गुण देऊन बेरजेवर निकाल ठरविणें अधिक शहाणपणाचें.

इव्हान हॅरिस यांनीं २००३ सालीं सुचविलेला ग्रेलिस्टिंगचा उपाय एके काळीं रामबाण मानला जात असे. अनोळखी पाहुणा, पाठविणारा आणि घेणारा ही त्रयी प्रथमच दिसली कीं ‘मागाहून या’ असें चारानें सुरू होणारें उत्तर द्यावयाचें. खरा सर्व्हर पुन्हां येतो. घाईंतलें स्पॅमयंत्र बहुधा फिरकत नाहीं. आजहि त्याचा उपयोग आहे, पण बाजू बदलली आहे. मोठ्या कंपन्या एकच पत्र दर वेळीं निराळ्या यंत्रावरून पुन्हां धाडतात, त्यामुळें प्रत्येक फेरी ‘प्रथमच’ ठरते. आणि बँकेचा दहा मिनिटें चालणारा सांकेतिक आंकडा वीस मिनिटांनीं हातांत पडतो. सर्वांना सरसकट थांबविण्याऐवजीं ज्यांचे गुण संशयास्पद आहेत त्यांनाच थांबविणें, एवढीच ह्या उपायाची योग्य जागा आतां उरली आहे.

ओळख पटविण्याच्या तीन व्यवस्थांबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. एस. पी. एफ. म्हणजे ‘आमच्या डोमेनचीं पत्रें अमुक यंत्रांवरूनच निघतात’ अशी डोमेनच्या मालकानें लावलेली जाहीर पाटी. डी. के. आय. एम. म्हणजे पत्रावर उमटविलेली गणिती मोहर. वाटेंत मजकूर बदलला तर ती जुळत नाहीं. आणि डी. एम. ए. आर. सी. म्हणजे पत्राच्या मथळ्यावरील नांव ह्या दोहोंपैकीं एकाशीं तरी जुळतें कीं नाहीं, व न जुळल्यास काय करावें, याबद्दल मालकाची सूचना. तिचा मसुदा मार्च २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. बँकेच्या नांवाचें सोंग घेणाऱ्याविरुद्ध हीं साधनें फार मोलाचीं आहेत. परंतु स्पॅम धाडणाराहि दोन-तीनशें रुपयांत नवें डोमेन घेऊन तिन्ही व्यवस्था बिनचूक करूं शकतो, आणि करतोहि. पत्र खरोखर त्याचेंच आहे एवढें त्यांवरून सिद्ध होतें; तो मनुष्य कसा आहे, हें नाहीं. उलट एखाद्या माजी विद्यार्थ्यानें महाविद्यालयाच्या जुन्या पत्त्यावरून आपलें टपाल पुढें पाठविण्याची सोय केलेली असेल, तर वाटेंतील यंत्र निराळें असल्यामुळें एस. पी. एफ. ची परीक्षा नापास होते, पत्र मात्र अस्सल असतें. केवळ त्या एका नापाशीवरून पत्र नाकारणें हा अन्याय आहे.

इतक्या परीक्षा उतरून जें आंत येतें त्याचा मजकूर वाचण्याची पाळी शेवटीं येते. हें काम स्पॅमॲसॅसिन किंवा आरस्पॅमडी हे कार्यक्रम करतात. स्पॅमॲसॅसिन प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण देतो आणि बेरीज मूळच्या मांडणीप्रमाणें पांचावर गेली कीं पत्रावर शिक्का मारतो. त्याच्या पोटांत एक जुनें गणित आहे. थॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील तत्त्वाचा टपालावर प्रयोग पूर्वींहि झाला होता, पण ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहॅम यांच्या एका लेखानें तो घरोघर पोंचविला.

तें गणित असें. समजा, एका घरच्या १०० नकोशा पत्रांपैकीं ८० पत्रांत ‘लॉटरी’ हा शब्द आहे आणि १०० चांगल्या पत्रांपैकीं फक्त २ पत्रांत आहे. तर त्या शब्दाची साक्ष स्पॅमच्या बाजूनें चाळिसास एक अशी पडते. दुसरा कोणताहि पुरावा नसेल तर पत्र स्पॅम असण्याचा संभव शेंकडा साडेसत्त्याण्णवाच्या घरांत जातो. आतां त्याच पत्रांत ‘म्हाडा’ हा शब्दहि आहे, तो चांगल्या पत्रांत दहापट अधिक आढळतो. आणि ‘मावशी’ हा शब्द आहे, तो चांगल्या पत्रांत तीसपट अधिक. चाळिसाला दहांनीं आणि मग तिसांनीं भागलें म्हणजे दोनास पंधरा हें प्रमाण उरतें, म्हणजे स्पॅम असण्याचा संभव शेंकडा १२ च्या आंत येतो. मावशीला म्हाडाच्या सोडतींत घर मिळाल्याची वार्ता अशा रीतीनें सुखरूप पोंचते. शब्द एकमेकांवर अवलंबून नसतात असें ह्या हिशेबांत गृहीत धरलेलें आहे. तें खरें नाहीं. तरीहि व्यवहारांत निकाल आश्चर्य वाटावें इतका चांगला लागतो.

ह्या गणिताचा सारा जीव शिकवणींत आहे. स्पॅमॲसॅसिनला निदान २०० चांगलीं आणि २०० वाईट पत्रें दाखविल्याशिवाय तो हा हिशेब मांडीतच नाहीं. तयार मिळणारे त्याचे नियम बहुतांशीं इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेले आहेत, म्हणून ज्या घरीं मराठींत पत्रव्यवहार चालतो तेथें देवनागरी पत्रें मुद्दाम शिकवणीस द्यावीं. वैद्याच्या पेटींत औषधांचीं नांवें हा अपराध नव्हे, वकिलाच्या पेटींत वारसाहक्क हा अपराध नव्हे. दुसऱ्याची तयार शिकवण आणून बसविण्याचा मोह टाळावा. आणि शिक्का बसलेलें पत्र नष्ट न करतां निराळ्या पेटींत महिनाभर ठेवावें; आठवड्यांतून एकदां मथळे चाळले तरी पुरे.

कायद्याकडून फारशी आशा नको. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानें न मागितलेल्या जाहिरातीवर बंदी घातली नाहीं. नांव वगळण्याची सोय आणि खरा पत्ता देण्याचीं बंधनें तेवढीं घातलीं. भारतांत माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्यें उगमाबद्दल फसविणाऱ्या ई-मेल पत्रांना शिक्षा होती. पण त्या कलमाची भाषा इतकी सैल होती कीं २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें भाषणस्वातंत्र्याच्या कारणास्तव तें समूळ रद्द केलें, आणि तें योग्यच झालें.

आपलें घर हीहि एक बाजू आहे, तिचा विसर पडूं नये. दारावर येणाऱ्या गर्दींतले पुष्कळजण पत्र आणीत नसतात. ते परवलीचा शब्द अंदाजानें फोडूं पाहत असतात. घरांतल्या एकाचा जरी शब्द सोपा निघाला, तरी एका रात्रींत त्या सर्व्हरवरून हजारों पत्रें सुटतात, आणि सकाळीं तोच सर्व्हर काळ्या यादींत असतो. म्हणून प्रत्येक पेटीनें तासाला किती पत्रें धाडावीं याला मर्यादा घालावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पत्र धाडणाऱ्या प्रत्येकाला एस. पी. एफ. किंवा डी. के. आय. एम. आवश्यक झालें आहे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रें धाडणाऱ्यांना तर तिन्ही व्यवस्था लागतात. लहान सर्व्हरची पत एकदां गेली कीं ती परत मिळविण्यास आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळांत घरांतील कोणाचेंहि पत्र पलीकडे पोंचेल याची शाश्वति राहत नाहीं.

ह्या साऱ्या खटाटोपांत स्वतःच्या सर्व्हरचा एक फायदा असा आहे कीं तो बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. पत्ते हवे तितके करतां येतात. चप्पलवाल्याला एक पत्ता, आगगाडीच्या तिकिटासाठीं दुसरा, मासिकाच्या वर्गणीसाठीं तिसरा. चप्पलवाल्यालाच दिलेल्या पत्त्यावर उद्यां परदेशी कर्जाची जाहिरात आली, तर पत्ता कोणाकडून फुटला हें विचारावयास नको. तो एक पत्ता बंद केला कीं ती वाट कायमची मिटते, आणि मुख्य पेटीला धक्काहि लागत नाहीं. कोणत्याहि यादीला किंवा गणिताला न साधणारी ही गोष्ट एका ओळीच्या नोंदीनें साधते.

शेवटचा एक पत्ता मात्र कधींच बंद करूं नये. पोस्टमास्टर ह्या नांवाचा पत्ता प्रत्येक डोमेननें चालू ठेवावा असा एस. एम. टी. पी. चा मूळचा नियम आहे. त्यावर काळी यादी, ग्रेलिस्टिंग, गुणांची बेरीज, कांहींच लावूं नये. लागेल तेवढा स्पॅम त्या पेटींत येऊं द्यावा. आणि दारांत जो नकार द्यावयाचा, त्याच्या वाक्यांत हा पत्ता लिहून ठेवावा, म्हणजे ज्याचें पत्र चुकून परत गेलें त्याला दाद मागण्यास एक खिडकी उघडी राहते.